व्याख्यान थेट दाखवायचे, तर सर्व्हर कोणता?

समजा, तालुक्याच्या गावातली एक व्याख्यानमाला आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली आणि पुढे महाराष्ट्रात गावोगावी तशा माला उभ्या राहिल्या; त्यांतलीच ही एक. वर्षातून आठवडाभर, रोज संध्याकाळी साडेसहाला व्याख्यान. कपाटात जुन्या व्याख्यानांच्या चित्रीकरणाच्या हार्ड डिस्क पडून आहेत. संस्थेची स्वतःची वेबसाइटही आहे. कार्यकारिणीने ठराव केला, की यंदापासून व्याख्याने वेबसाइटवर थेट दिसली पाहिजेत आणि जुनीही तिथेच मिळाली पाहिजेत. मग संगणकातले कळते अशी ख्याती असलेल्या एखाद्या तरुण सभासदाला कार्यवाहांचा फोन जातो : "अरे, त्या व्हिडिओसाठी कुठला सर्व्हर लागतो ते जरा बघून ठेव."

तो बघायला बसतो तेव्हा समोर नावांचा ढीग येतो. वावझा, रेड फाइव्ह, अँट मीडिया, निंबल, एसआरएस, ओव्हनमीडियाइंजिन, मीडियाएमटीएक्स, ओनकास्ट, पीअरट्यूब. प्लेक्स आणि जेलीफिन हीही 'मीडिया सर्व्हर' म्हणूनच पुढे येतात. ती लगेच बाजूला काढावीत. घरातला सिनेमा-गाण्यांचा संग्रह घरच्या टीव्हीवर पाहता यावा म्हणून ती केलेली आहेत, शेकडो अनोळखी माणसांना व्याख्यान दाखवायला नव्हे. उरलेल्या प्रत्येकाच्या पानावर वैशिष्ट्यांची हातभर यादी असते आणि त्या याद्या ताडून काही हाती लागत नाही, कारण कागदावर सगळेच सगळे करतात. निवड ठरते ती तीन गोष्टींवर : किती उशीर चालेल, एका वेळी किती जण पाहणार, आणि कार्यक्रम चालू असताना काही बंद पडले तर ते उभे कोण करणार. यातली तिसरी गोष्ट कुठल्याच यादीत नसते आणि माझ्या मते तीच सर्वांत जड आहे.

त्याही आधी एक प्रश्न मोकळेपणाने विचारावा : यूट्यूब का नको? ते फुकट आहे, कितीही प्रेक्षक आले तरी वाकत नाही, आणि पुष्कळ संस्थांसाठी तेच योग्य उत्तर आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. स्वतःचा सर्व्हर तेव्हा लागतो जेव्हा व्याख्यान सभासदांपुरते किंवा तिकीट काढलेल्यांपुरते ठेवायचे असते. कधी गंभीर विषयाच्या मध्येच जाहिरात आलेली चालत नाही. कधी वक्त्याने उदाहरणादाखल वाजवलेल्या नाट्यपदाच्या ध्वनिमुद्रिकेवर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा स्वामित्वहक्काचा दावा लावून मोकळी होते. किंवा पन्नास वर्षांचा संग्रह दुसऱ्याच्या नियमांवर सोडायचा नसतो. आपल्या संस्थेपाशी यातले एखादे कारण आहे असे धरून पुढे जाऊ.

आता काम दोन भागांत तोडायचे. जुनी व्याख्याने हा एक भाग, थेट व्याख्यान हा दुसरा. दोन्हींना मिळून एकच 'मीडिया सर्व्हर' हवा असे वाटते, आणि खर्चाची पहिली चूक इथेच होते. जुन्या व्याख्यानांसाठी मीडिया सर्व्हर लागतच नाही. संस्थेची वेबसाइट ज्या साध्या वेब सर्व्हरवर चालते, मग तो एनजिनएक्स असो वा अपाची, तोच हे काम करतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी भाषेत बोलतात, तिच्या १९९७ सालच्या १.१ या आवृत्तीतच 'या फाइलचा अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचा भाग दे' असे मागण्याची सोय आली. प्रेक्षकाने पट्टी ओढून थेट चाळिसाव्या मिनिटावर नेली, की ब्राउझर फाइलमधली अनुक्रमणिका पाहतो, चाळिसावे मिनिट कुठल्या बाइटपाशी आहे ते काढतो आणि तेवढाच भाग मागवतो. मधली एकोणचाळीस मिनिटे उतरवावी लागत नाहीत.

ही अनुक्रमणिका एमपीफोर फाइलमध्ये कुठे असते, याकडे मात्र लक्ष द्यावे लागते. चित्रीकरण संपल्याशिवाय ती पूर्ण होत नाही, म्हणून कॅमेरे आणि बहुतेक सॉफ्टवेअर ती फाइलच्या शेपटाला लिहितात. मग ब्राउझरला आधी शेवटापर्यंत हेलपाटा घालावा लागतो. चांगल्या नेटवर हे कळतही नाही. रेंज कमी असली की पडदा काळा राहतो, चकरी फिरत राहते आणि दोष सर्व्हरच्या माथी येतो. एफएफएमपेग हे फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलेले मोफत साधन आहे. जगातल्या व्हिडिओच्या निम्म्या कारभारात कुठे ना कुठे तेच राबत असते असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती नाही. त्याचा 'फास्टस्टार्ट' हा पर्याय अनुक्रमणिका उचलून पुढे आणतो. चित्राला हात लागत नाही, त्यामुळे दर्जा जसाच्या तसा राहतो आणि काम चटकन उरकते.

कपाटातल्या सगळ्याच फाइली इतक्या सरळ नसणार. डीव्हीडीवरचे चित्रीकरण एमपेग-२ मध्ये असते, जुन्या कॅमकॉर्डरच्या फाइली ब्राउझर उघडत नाही. त्या एकदा बसून एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज या जोडीत बदलून घ्याव्यात. एच.२६४ हे मानक २००३ सालचे, म्हणजे म्हातारे झाले. पण म्हणूनच ते हातातल्या कुठल्याही फोनवर चालते. एच.२६५ सगळ्या ब्राउझरांत चालेल याची खात्री नाही. २०१८ चे एव्ही१ जागा कमी घेते, मात्र ते तयार करायला वेळ फार लागतो आणि जुन्या फोनला ते उलगडताना घाम फुटतो. बदल करतानाच आणखी एक गोष्ट तपासावी. जुने कॅमेरे एका फ्रेमच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपत. टीव्हीवर ते खपून जाई. संगणकाच्या पडद्यावर वक्त्याचा हात हलला की कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेघा उठतात. एफएफएमपेगमध्ये त्या काढण्याचा फिल्टर आहे. तो त्याच वेळी लावला नाही, तर नंतर दोनशे फाइली पुन्हा बदलाव्या लागतात.

व्याख्यानांचे आयते वाचनालय हवे असेल, म्हणजे वर्गवारी, शोध, प्रत्येक व्याख्यानाचे स्वतंत्र पान, तर फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेचे पीअरट्यूब पाहावे. त्याची पहिली पक्की आवृत्ती २०१८ ची. पण ते एक पूर्ण वेबसाइटच उभी करते. हातात आधीच वेबसाइट असेल तर दोन घरे सांभाळायची तयारी हवी.

जुन्याचे एवढ्यावर भागले. थेट प्रक्षेपणाचे मात्र भागत नाही, कारण तिथे फाइल अजून संपलेलीच नसते. कॅमेऱ्यातून चित्र लॅपटॉपवर येते. तिथे ओबीएससारखे मोफत सॉफ्टवेअर ते दाबून लहान करते आणि इंटरनेटवरून सर्व्हरकडे पाठवते. सर्व्हर ते स्वीकारतो, वेगळ्या बांधणीत घालतो, हवे तर लहान-मोठ्या आकारांच्या प्रती काढतो, एक प्रत डिस्कवर उतरवतो आणि प्रेक्षकांना देतो. मीडिया सर्व्हर म्हणतात तो हा. यात आत येणारी वाट आणि बाहेर जाणारी वाट वेगळ्या असतात, आणि त्या वेगळ्या का झाल्या हे कळले की निम्मी नावे आपोआप जागेवर बसतात.

मॅक्रोमीडिया कंपनीने २००२ साली फ्लॅशसाठी एक संवाद सर्व्हर काढला. त्याची बोली आरटीएमपी. ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर सर्व्हरशी एक जोडणी उघडे आणि ती शेवटपर्यंत धरून ठेवी. चित्र त्या नळीतून येत राही. हा सर्व्हर महाग होता. त्याची बोली उलगडून काढून काही हौशी प्रोग्रामरांनी २००५ च्या सुमारास रेड फाइव्ह हा मुक्त पर्याय लिहिला, आणि २००७ मध्ये वावझा हा स्वस्त व्यावसायिक पर्याय बाजारात आला. मग आयफोन आला. त्यात फ्लॅश नव्हतेच. ॲपलने २००९ मध्ये स्वतःची पद्धत काढली, एचएलएस. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि आरटीएमपीने प्रेक्षकापर्यंत जाण्याची वाट बंद झाली. पण ओबीएस आणि चित्र दाबून पाठवणारे बाकीचे एन्कोडर ती बोली आधीच शिकलेले होते, त्यामुळे सर्व्हरकडे चित्र पाठवण्याच्या वाटेवर ती अजून टिकून आहे. वेबपानावर आरटीएमपीचा पत्ता चिकटवायला सांगणारे मार्गदर्शन दिसले, तर ते कधीचे आहे हे तारीख न पाहताही ओळखता येते.

एचएलएसची युक्ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा ऐकताना ती मागासच वाटावी. चालू चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एक साधी फाइल म्हणून डिस्कवर ठेवायचा, आणि जवळच एका मजकुरी फाइलीत सध्याच्या तुकड्यांची यादी लिहायची. नवा तुकडा तयार झाला की यादी बदलायची. प्लेअर दर काही सेकंदांनी यादी पुन्हा मागतो, नवे नाव दिसले की तो तुकडा उतरवतो आणि मागच्याला जोडून दाखवतो. नळी नाही, धरून ठेवलेली जोडणी नाही, फक्त फाइली. पुढे २०१७ मध्ये ही पद्धत आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालेत ८२१६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. एमपेग-डॅश हे २०१२ चे आंतरराष्ट्रीय मानक याच तत्त्वावर चालते. आयफोनचा ब्राउझर एचएलएस स्वतःच समजतो. बाकीच्यांसाठी एचएलएस डॉट जेएस हा छोटा मोफत प्लेअर पानात बसवला की झाले.

फक्त फाइली असण्यातच सगळी गंमत आहे. फाइली कोणीही मध्यस्थ साठवून पुढे वाटू शकतो. छापखान्यातून अंक एकदाच निघतो आणि पुढे नाक्यानाक्यावरचे विक्रेते तो हजारोंना देतात, तसे सीडीएन कंपन्यांचे शहरोशहरचे सर्व्हर आपल्याकडून प्रत्येक तुकडा एकदोनदा नेतात आणि आपापल्या भागातल्या प्रेक्षकांना पुरवतात. २०१९ च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका क्षणी २ कोटी ५३ लाख जण पाहत होते, आणि २०२३ च्या अंतिम सामन्याला हा आकडा ५ कोटी ९० लाखांपर्यंत गेला. प्रत्येक प्रेक्षकासाठी एक नळी धरून हे जमले नसते.

किंमत मोजावी लागते ती उशिराची. ॲपलची शिफारस सहा सेकंदांच्या तुकड्याची आहे आणि प्लेअरने थेट टोकापासून निदान तीन तुकडे मागे राहावे असा संकेत आहे. तीन सक अठरा. त्यात चित्र दाबण्याचा, पाठवण्याचा, वाटण्याचा वेळ धरला की वक्त्याने तोंड उघडल्यापासून प्रेक्षकाला दिसेपर्यंत वीस ते तीस सेकंद जातात. तुकडे दोन सेकंदांचे केले तर सहा ते दहा. ॲपलने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या कमी उशिराच्या एचएलएसमध्ये तुकड्याचेही तुकडे होतात आणि उशीर दोन ते पाच सेकंदांवर येतो. त्याहून कमी, अर्ध्या सेकंदाच्या आत हवा असेल, तर वेबआरटीसी. गूगलने २०११ मध्ये खुले केलेले हे तंत्र मुळात व्हिडिओ कॉलसाठीचे आहे, आणि तिथे पुन्हा प्रत्येक प्रेक्षकामागे सर्व्हरला एक जिवंत जोडणी सांभाळावी लागते. मध्यस्थ साधी फाइल साठवून वाटू शकत नाही.

व्याख्यानमालेला किती उशीर चालेल? व्याख्यान नुसते ऐकायचे असेल तर अर्ध्या मिनिटाचाही चालतो. वक्ता तीस सेकंदांपूर्वी काय म्हणाला आणि आता काय म्हणतो आहे, याची सांगड घरी बसलेल्याला घालायचीच नसते. प्रश्नोत्तरांत मात्र अडते. सभागृहात साडेसहा वाजतात तेव्हा एप्रिल-मेमध्ये लंडनला दुपारचे दोन आणि कॅलिफोर्नियात पहाटेचे सहा असतात. पहाटे उठून ऐकणाऱ्या तिथल्या मराठी माणसाने प्रश्न लिहून पाठवला तर तो सभागृहात पोचेपर्यंत अध्यक्ष समारोपाला उभे राहिलेले असतात. यावर उपाय म्हणून काही जण सगळेच वेबआरटीसीवर नेतात. मला तो खटाटोप वाटतो. तुकडे दोन सेकंदांचे करावेत आणि निवेदकाला सांगावे, की घरून येणारे प्रश्न व्याख्यान संपण्याआधी दहा मिनिटे मागवायला सुरुवात कर. लिलाव, ऑनलाइन शिकवणी, दूरस्थ वैद्यकीय सल्ला अशा ठिकाणी अर्ध्या सेकंदाला खरोखर मोल आहे. तिथे हे उत्तर चालणार नाही.

आता दुसरा आकडा, प्रेक्षकांचा. इथे गुणाकार करून बघावाच. ७२० ओळींचे बरे चित्र सेकंदाला अडीच मेगाबिट घेते. तीनशे प्रेक्षक एकाच वेळी आले तर साडेसातशे मेगाबिट. भाड्याच्या लहान सर्व्हरला सहसा एक गिगाबिटची वाट असते, तीही शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेली. म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशेच्या आसपास सगळ्यांचेच अडकायला लागेल. प्रोसेसर तोवर निवांत असतो, कारण फाइली वाटण्यात त्याला कष्ट नाहीत. 'सर्व्हर कमी पडला, मोठा घ्या' असा सल्ला अशा वेळी मिळतो आणि आठ कोअरचा सर्व्हर घेऊनही काही बदलत नाही, कारण अडचण वाटेची होती. बिलाचा हिशेबही याच गुणाकारातून निघतो. दीड तासाच्या व्याख्यानाला प्रत्येक प्रेक्षक सुमारे १.७ जीबी ओढतो; तीनशे जणांचे पाचशे जीबीच्या वर. मोठ्या क्लाउड कंपन्या आत येणाऱ्या डेटाचे सहसा काही घेत नाहीत, बाहेर जाणाऱ्याचे मात्र जीबीवर मोजून घेतात. जीबीला दहा-बारा अमेरिकी सेंटच्या आसपासचा दर धरला तर एका व्याख्यानाला पन्नास-साठ डॉलर. ठरावीक मासिक भाड्यात भरपूर डेटा देणारा साधा सर्व्हर किंवा पुढे लावलेला सीडीएन यापेक्षा स्वस्त पडतो. सीडीएनच्या फुकट योजनेच्या अटींत व्हिडिओला मनाई असू शकते. ती ओळ आधी शोधावी.

एवढे ठरल्यावर नावांकडे वळायला हरकत नाही. ज्यांच्याकडे एनजिनएक्स आधीच चालू आहे, त्यांना रोमान अरुत्युन्यान यांनी लिहिलेला आरटीएमपी मोड्यूल पुरतो. डेबियन आणि उबुंटूत तो तयार पॅकेज म्हणून मिळतो, त्याची मांडणी जेमतेम वीस ओळींत बसते, तो आरटीएमपी आत घेतो, एचएलएस बाहेर काढतो आणि ध्वनिचित्रमुद्रणही करतो. आकार लहान-मोठा करायचे काम तो स्वतः करत नाही, एफएफएमपेगला सांगतो. त्यात नवे काही फारसे येत नाही, पण लहान संस्थेला नवे काही नको असते.

एसआरएस हा चीनमधला मुक्त प्रकल्प, २०१३ पासूनचा. आरटीएमपीबरोबर एसआरटी आणि वेबआरटीसीही समजतो, आणि पसारा फार नाही. सभागृहातले नेट बेभरवशाचे असेल तर मी एनजिनएक्सऐवजी हा घेईन. कारण पुढे येतेच. ओव्हनमीडियाइंजिन दक्षिण कोरियातले. कमी उशिराचे एचएलएस आणि वेबआरटीसी ही त्याची खरी जागा, आणि लहान-मोठ्या प्रती ते स्वतःच काढते. ज्यांना दोन-तीन सेकंदांच्या वर उशीर चालत नाही त्यांनी आधी ते करून पाहावे. अँट मीडियाच्या मोफत आणि विकतची अशा दोन आवृत्त्या आहेत. प्रेक्षकाच्या नेटप्रमाणे चित्राचा आकार बदलणे आणि अनेक सर्व्हरांचा गट चालवणे या गोष्टी विकतच्या आवृत्तीत आहेत, हे आधी जाणून घ्यावे. निंबल फुकट आहे पण त्याचा कोड खुला नाही. वावझा आता वर्गणीवर मिळतो. त्याच्यावर पैसे घालावेत ते वैशिष्ट्यांसाठी नव्हे, तर अडचण आली की विचारायला कोणीतरी बांधील असावे म्हणून. वर्षातून सात दिवस चालणाऱ्या मालेला तो परवडत नाही. रोज वर्ग घेणाऱ्या शिकवणीच्या संस्थेला परवडू शकतो.

ओनकास्ट हे २०२० पासूनचे मोफत सॉफ्टवेअर एका संस्थेचे एकच थेट प्रक्षेपण आणि शेजारी गप्पांची चौकट एवढेच करते, आणि ते नीट करते. ज्या तरुण सभासदाला लिनक्सची फक्त तोंडओळख आहे, त्याने दुसरे काही न पाहता हेच बसवावे असे मी म्हणेन.

मीडियाएमटीएक्सची जागा थोडी निराळी आहे. मंदिराच्या गाभाऱ्यात लावलेला आयपी कॅमेरा वेबसाइटवर चोवीस तास दाखवायचा असेल, तर तो कॅमेरा आरटीएसपी बोलतो आणि ब्राउझरला ती बोली येत नाही. मीडियाएमटीएक्स ही एकच फाइल आहे. ती सर्व्हरवर ठेवायची, कॅमेऱ्याचा पत्ता द्यायचा, आणि तिकडून एचएलएस किंवा वेबआरटीसी निघते. इथे हमखास एक गोष्ट नडते : बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत कारखान्यातूनच एच.२६५ लावून येते. सगळे जोडलेले बरोबर असते, आवाजही येतो, आणि बऱ्याच भक्तांना काळा पडदा दिसतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ करावे.

सर्व्हर कुठलाही घेतला तरी सगळ्यांत कच्चा दुवा सभागृहापासून सर्व्हरपर्यंतचा असतो. तिथे एकच धागा असतो. तो तुटला की तीनशे पडदे एकदम थांबतात. चार मेगाबिट पाठवायचे असतील तर अपलोडला आठ मेगाबिट तरी मोजून मिळाले पाहिजेत, आणि मोजायचे ते रिकाम्या सभागृहात दुपारी नाही, तर संध्याकाळी लोक खिशात फोन घेऊन बसल्यावर. आरटीएमपी हरवलेला प्रत्येक कण पुन्हा मागत बसते, त्यामुळे मोबाइल नेटवर ते तुंबते. हैव्हिजन कंपनीने २०१७ मध्ये खुले केलेले एसआरटी याच दुखण्यासाठी आहे : ठरवून दिलेल्या वेळेत हरवलेला भाग मिळाला तर घ्यायचा, नाही तर सोडून पुढे जायचे. ही वेळ मुळात फक्त १२० मिलिसेकंद ठेवलेली असते. गावातल्या नेटसाठी ती दोन सेकंदांपर्यंत बिनधास्त वाढवावी. एचएलएसच्या उशिरात ती कोणाला जाणवणार नाही. एनजिनएक्सच्या मोड्यूलला एसआरटी येत नाही, म्हणून वर एसआरएसची बाजू घेतली.

ओबीएसमध्ये एक आकडा हाताने बदलावा लागतो. दाबलेल्या चित्रात पूर्ण फ्रेम मधूनमधूनच येते. बाकीच्या फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच सांगतात. तुकडा पूर्ण फ्रेमपाशीच तोडता येतो. ओबीएसमधले हे अंतर आपोआपवर सोडले आणि नेहमीचा एक्स२६४ एन्कोडर असला, तर दोन पूर्ण फ्रेममध्ये अडीचशे फ्रेमपर्यंत अंतर पडते, म्हणजे सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने दहा सेकंद. सर्व्हरला दोन सेकंदांचे तुकडे करायला सांगितले आणि ते दहाचे होत असले, तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये शोधून काही सापडणार नाही. ओबीएसमध्ये 'कीफ्रेम इंटरव्हल' दोन सेकंद करावा.

बाकी खड्डे भराभर सांगतो. वेबसाइट एचटीटीपीएसवर आणि व्हिडिओचा पत्ता साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर व्हिडिओ अडवतो, आणि प्रेक्षकाला कारणही दिसत नाही. व्हिडिओ वेगळ्या नावाच्या सर्व्हरवर असेल तर त्या सर्व्हरने वेबसाइटला परवानगी देणारे कॉर्स हेडर पाठवले पाहिजेत. सीडीएनला सांगावे लागते, की तुकडे हवे तितके साठव पण यादी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त नको. नाही तर व्याख्यान पुढे जाते आणि प्रेक्षक त्याच वाक्यावर अडकतो. आणि आत येण्याच्या वाटेला कुलूप हवेच. आरटीएमपीचा पत्ता उघडा असला तर बाहेरचा कोणीही त्यावर स्वतःचे चित्र पाठवू शकतो, आणि व्याख्यानाच्या जागी भलताच सिनेमा सुरू झाल्यावर कार्यवाहांना उत्तर द्यावे लागते.

दोन सोयी मात्र व्याख्यानासाठी आवर्जून कराव्यात. एचएलएसच्या यादीतून जुने तुकडे गाळले जातात, पण यादी 'इव्हेंट' प्रकारची ठेवली तर काहीच गाळले जात नाही. मग सातला आलेला प्रेक्षक पट्टी मागे ओढून साडेसहापासून ऐकू शकतो. कॅलिफोर्नियातला माणूस पहाटे सहाला उठण्याऐवजी सातला उठून सगळे पहिल्यापासून ऐकतो, आणि हवे तेव्हा थेट टोकाला येतो. यासाठी सर्व्हरच्या डिस्कवर सगळ्या प्रती धरून प्रत्येक व्याख्यानाला तीन-चार जीबी मोकळी ठेवली की पुरते.

दुसरी सोय आवाजाची. लहान-मोठ्या चित्रांच्या प्रतींबरोबर ६४ किलोबिटची केवळ आवाजाची एक प्रत काढावी. एके काळी ॲपलनेच मोबाइल नेटवर एचएलएस दाखवणाऱ्या ॲपना अशी प्रत ठेवण्याची अट घातली होती. दीड तासाचे व्याख्यान तिच्यात ४३ एमबीमध्ये बसते, एका पट्टीची रेंज असली तरी तुटत नाही, आणि व्याख्यानात पाहण्यापेक्षा ऐकण्याचाच भाग मोठा असतो. प्लेअर आपण होऊन तिच्यावर उतरेल यावर विसंबू नये. तो आधी धूसर चित्राशी बराच वेळ झगडत बसतो. व्हिडिओच्या चौकटीखालीच 'फक्त ऐका' असे ठळक बटण द्यावे.